बाल्कनी फुल्ल

"बाल्कनी फुल्ल जाल्या. स्टॉलांत उदक भरलां. स्टेजार लाय."

पार्किंगवाल्या पोराने एका दमात सांगितलं, पावती माझ्या हातात कोंबली आणि तो मागच्या गाडीकडे वळला. चतुर्थी तोंडावर आलेली. रस्त्याच्या दोन्ही अंगांना माटोळीचा, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळापानांचा, बाजार बसलेला, कवंडळं आणि सुपारीचे घड चुकवत मी स्कूटर कशीबशी आत घातली होती. निमूटपणे पुढे गेले आणि स्टेजवर लावली. म्हणजे जिथे कधीकाळी स्टेज होतं त्या चौथऱ्यावर. बाजार केला, बँकेत जाऊन आले, ओली छत्री झटकत परत फिरले, तरी ते वाक्य डोक्यातून जाईना. पोरगा विशी-बाविशीचा असेल. मूळचा बागलकोटकडचा, कोंकणी इथल्या बाजारातच शिकलेला. थेटर बंद पडलं तेव्हा तो जन्मला असला तर पाळण्यात असणार. आज तिथे बाल्कनी नाही, खुर्च्या नाहीत, पडदा नाही, वर छप्परसुद्धा नाही. मग हे त्याला शिकवलं कोणी? निघताना विचारलं. तो म्हणाला, "पयलींचो भुरगो तशेंच म्हणटालो." त्या आधीच्याला त्याच्याही आधीच्याने सांगितलेलं. एकानेही आत बसून पिक्चर पाहिलेला नाही, आणि बाल्कनी कुठे होती हे सगळ्यांना ठाऊक.

थेटरचं नाव मी लिहीत नाही. जागेचा दावा चालू आहे, वारस पुष्कळ, आणि त्यातले काही माझ्या ओळखीचे. ज्यांचं ते थेटर होतं त्यांना ओळखायला चार ओळी पुरे. बाकीच्यांनी आपापल्या गावचं समजावं, कारण गोव्यातल्या प्रत्येक शहरात असं एक तरी आहे किंवा होतं. पणजीला नॅशनल, एल दोरादो, सम्राट आणि अशोक. मडगावला मेट्रोपोल, लता, विशांत. म्हापशाला अलंकार आणि एल कापितान. वास्कोला एल मोंत. नुसती नावं ओळीने वाचली तरी कळतं, आपण स्वप्नं कुठकुठून मागवत होतो. यातलं एखादं नाव उच्चारलं की गोव्यातला कुठलाही पन्नाशीचा माणूस पिक्चरची गोष्ट सांगत नाही, तिकीट कसं मिळवलं ते सांगतो.

तर उरलंय काय? मागची भिंत पूर्ण उंचीची उभी आहे. बाजूच्या भिंती छातीइतक्या, गिलावा गळून आतला चिरा उघडा पडलेला, त्यावर पावसाळ्यात हिरवी लव येते. स्टेजचा चौथरा आहे. दाराजवळ तिकीट खिडकीची कोठडी आहे, आता तिच्यात पार्किंगवाल्याची जेवणाची पिशवी आणि रेनकोट टांगलेला असतो. आणि उतार आहे. हा उतार पहिल्यांदा लक्षात येत नाही. स्कूटर स्टँडवर लावली की ती किंचित पुढे कलते, चारचाकीवाले चाकाखाली चिऱ्याचा तुकडा ठेवतात, आणि पाऊस पडला की सगळं पाणी वाहत पुढे जाऊन स्टेजच्या पायथ्याशी साचतं. तिथे स्टॉल, म्हणजे स्वस्तातली तिकिटं असत. मागच्या माणसाला पुढच्याच्या डोक्यावरून दिसावं म्हणून कोणा गवंड्याने दोरी धरून काढलेला तो उतार. छप्पर गेलं, भिंती गेल्या, पण उतार मोडायला कोणाला सवड झाली नाही. अजूनही ती जमीन सगळ्यांना एकाच दिशेला बघायला लावते. गाड्यासुद्धा तिथे आपसूक स्टेजकडे तोंड करून लागतात. उलटी लावली तर काढताना चढावर जोर लावावा लागतो.

पाणी ओसरलं की सिमेंटच्या कोब्यात खुर्च्यांच्या बोल्टांची भोकं दिसतात. जोडीजोडीने, गंजाने कडा लालसर झालेली. दोन ओळींमधलं अंतर माझ्या पावलांनी दीड-पावणेदोन पावलं भरतं, म्हणजे गुडघे पुढच्याच्या पाठीला टेकत असणार. टेकत होतेच, मला आठवतंय. लाकडी खुर्च्या, उचलून बसायच्या, उठलं की फाडकन मिटणाऱ्या. गाणं संपायच्या आत कंटाळून उठणाऱ्यांचा फाडफाड आवाज ऐकून बाहेर उभ्या असलेल्या सोडावाल्याला कळायचं की पिक्चर पडलाय. ढेकूण होते. उगाच गोड करून सांगण्यात अर्थ नाही, ते वाईट थेटर होतं. पंखे फक्त भिंतीला, मधल्या माणसांना वारा नाही. बायकांच्या संडासाला कडी नव्हती, आळीपाळीने एकीने दाराशी उभं राहायचं. वर सिमेंटचे पत्रे. जून ते सप्टेंबर त्या पत्र्यांवर पाऊस असा कोसळायचा की नायक नायिकेला काय म्हणाला ते ओठ हलताना बघून ताडायचं. पुढे कित्येक वर्षांनी ते पिक्चर टीव्हीवर लागले तेव्हा कळलं की आम्ही ताडलेली वाक्यं लेखकाच्या वाक्यांपेक्षा पुष्कळदा बरी होती.

मागच्या भिंतीत वर चार भोकं आहेत, दोन मोठी आणि शेजारी दोन लहान. मोठ्यांतून प्रोजेक्टरचा झोत यायचा, लहानांतून ऑपरेटर पडदा बघायचा. दोन प्रोजेक्टर असत, एकावरचं रीळ संपत आलं की दुसरं सुरू. ती वेळ कळावी म्हणून पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर क्षणभर एक ठिपका चमकून जाई. काकांनी मला तो दाखवला होता आणि त्यामुळे माझे पुढचे सगळे पिक्चर नासले. दर वीस मिनिटांनी गोष्ट सोडून माझी नजर कोपऱ्यात. भोकांच्या वर भिंतीला अजून काळपट छटा आहे. कार्बनच्या कांड्या जाळून उजेड काढायचे त्या दिवसांतली ती काजळी की नंतर कोणी कचरा पेटवला त्याचा धूर, हे आता कोण सांगणार? भोकांत कबुतरं राहतात. आणि त्यांच्या खाली, भिंतीच्या मध्यावर, एका रेषेत चौकोनी खाचा. तुळया तिथे टेकल्या होत्या. तीच बाल्कनी.

गोव्यात पडक्या वास्तूंना काही कमी मान नाही. जुन्या गोव्यातला सेंट ऑगस्टीनचा मनोरा बघा. १८४२ मध्ये घुमट कोसळला, १९३१ मध्ये मनोऱ्याचा अर्धा भाग पडला, राहिला तो शेहेचाळीस मीटरचा चिऱ्याचा सुळका, आणि त्याच्यापुढे लग्नाआधीच्या फोटोंसाठी रांग लागते. जुन्या गोव्यातली चर्चेस १९८६ साली जागतिक वारशाच्या यादीत गेली, आणि तो मनोराही त्या वारशाचाच भाग. मला त्याबद्दल आकस नाही, तो मनोरा बघून माझ्याही अंगावर काटा येतो. पण आपल्याकडे पडझडीलाही वय लागतं. चारशे वर्षांचं पडलं तर अवशेष, साठ वर्षांचं पडलं तर अडगळ. देऊळ पडलं तर कळ लागते, चर्च पडलं तर चौकशी होते, आणि सिमेंटचं थेटर पडलं तर लोक विचारतात, जागा कितीला जाणार? आणि हेही खरं की ते दिसायला सुंदर नव्हतंच. पोर्तुगीज कमान नाही, शिंपल्यांची खिडकी नाही. दर्शनी भिंतीवर सिमेंटात काढलेल्या उभ्या पट्ट्या, पिवळा रंग. पणजीतल्या जुन्या फोंताइन्यशच्या गल्ल्यांत फिरणारा पर्यटक याच्यासाठी कॅमेरा काढणार नाही.

मी मात्र त्या खाचांकडे बघते तेव्हा मला आजी आठवते.

आमचं गाव देवळाचं. जत्रा, काला, पालखी, आणि उत्सवात नाटक ठरलेलंच. गोव्यात मराठी नाटक देवळापुढेच वाढलं. मुंबई-पुण्याहून कंपनी येवो न येवो, गावचे लोक दोन-तीन महिने तालीम करून देवासमोर नाटक करणारच. राजा झालेला माणूस सकाळी पोस्टात शिक्के मारणारा, राणी झालेला सुतार. मांडव घालायचा, चटया पसरायच्या, आणि कोणी कुठे बसायचं हे सांगावं लागत नसे. महाजन, म्हणजे देवळाचे पिढीजात मानकरी, पुढे, मग त्यांची घरं, मग बाकीचे. आमच्या घराची जागा मांडवाबाहेर, दीपस्तंभाच्या पायऱ्यांशी. तिथून स्टेजचा अर्धा भाग दिसे, उरलेला अर्धा मांडवाच्या खांबामागे. आजीने तिच्या आयुष्यातली नाटकं अशी अर्धी बघितली. ती सांगायची तेव्हा प्रत्येक नाटकात डाव्या बाजूच्याच पात्रांचं बोलणं असायचं. तक्रार म्हणून कधी नाही सांगितलं. ती आमची जागा, एवढंच. पुष्कळ वर्षं मलाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं, आणि हे लिहिताना अजूनही हात थोडा अडखळतो, कारण तो देव आमचाही आहे, त्या उत्सवातली नांदी कानावर पडली की मी आजही हातातलं काम टाकून बाहेर येते.

मग शहरात थेटर झालं. आजोबा तेव्हा बाजारात हमालीचं काम बघायचे. एका संध्याकाळी त्यांनी आजीला आणि दोन्ही मुलांना नेलं, आणि खिडकीत पैसे सरकवून बाल्कनीची तिकिटं मागितली. खिडकीतल्या माणसाने पैसे मोजले, तिकिटं फाडून दिली. आणखी काही विचारलं नाही. ही गोष्ट काका इतक्यांदा सांगतात की आम्ही त्यांच्यासोबत ओठ हलवतो, पण "आनी कांयच विचारलें ना" इथे आल्यावर ते दर वेळी थांबतात. गावचे एक महाजन त्या दिवशी खाली स्टॉलात बसले होते म्हणे. काटकसरी माणूस. आजी वर, ते खाली. तिने पिक्चर बघितला का, तर नाही. बाल्कनीच्या कठड्याची तिला भीती वाटली, खाली बघून गरगरलं, इंटरव्हलनंतर तिने डोळे मिटूनच घेतले. पायात गोळे आले. घरी येऊन म्हणाली, पुन्हा नको, पैसे फुकट. पण तिकिटाचा तुकडा तिच्या पेटीत पोथीच्या पानांत होता. मी लहानपणी बघितलेला आहे, फिक्का गुलाबी, कोपरा फाटलेला.

आता हे सगळं त्या थेटरच्या मालकाने सामाजिक सुधारणा म्हणून केलं असं कोणी समजू नये. त्याला गल्ला हवा होता. पैशाने जी पायरी मोडली तिच्या जागी पैशाचीच दुसरी बसली, आणि बाल्कनी कायम परवडणारी माणसं थोडीच. तरीही.

काकांना त्या थेटरचं अप्रूप वेगळ्याच कारणासाठी. पडदा मागे गुंडाळला की तिथे स्टेज होतं, बरंच खोल, आणि पिक्चर नसेल त्या दिवशी ते भाड्याने मिळायचं. काकांच्या मंडळीने तिथे एक ऐतिहासिक नाटक केलं. देवळापुढे हीच माणसं हेच नाटक करत, पण तिकीट लावून शहरात करणं म्हणजे निराळी गोष्ट. मेकअपवाला पणजीहून आणलेला, रंगीत पडदे भाड्याने, तिसऱ्या घंटेआधी नारळ वाढवला तर शिंतोडे सिनेमाच्या पांढऱ्या पडद्यावर उडाले म्हणून मॅनेजर चिडला. काकांचं काम सरदाराचं, वाक्यं मोजकी, पण एक पद होतं. प्रॉम्प्टरने एका ठिकाणी पान उलटताना दोन उलटली आणि शत्रू यायच्या आधीच विजयाची तुतारी वाजली. लोकांना काही कळलं नाही. टाळ्या पडल्या.

शेजारच्या आंटीकडे याच स्टेजची दुसरी गोष्ट आहे. तिच्यासाठी ते तियात्राचं, म्हणजे कोंकणी गाण्याबजावण्याच्या नाटकाचं थेटर. तिने तिथे मराठी नाटक झाल्याचं कधी ऐकलेलंसुद्धा नव्हतं. काकांनी तिथे एकही तियात्र बघितलेलं नाही. दोघं चाळीस वर्षं एका कुंपणाच्या दोन अंगांना राहतात. नाताळात नेवऱ्या इकडे येतात, चतुर्थीला करंज्या तिकडे जातात, फणस कापला की निम्मा पलीकडे. आणि एकाच इमारतीत, एकाच खुर्च्यांवर, वेगवेगळ्या रात्री ही दोघं बसत होती, हे त्यांना परवा-परवा माझ्या त्या पार्किंगच्या किश्शावरून कळलं. आंटीच्या आठवणीत स्टेजच्या पुढ्यात, खाली, बँड बसलेला आहे. ट्रम्पेट, सॅक्सोफोन, ड्रम. एक पडदा झाला की गोष्ट बाजूला ठेवून एकजण पुढे येऊन कांतार, म्हणजे गाणं, म्हणतो, त्यात गावच्या आमदारापासून नवऱ्यापर्यंत सगळ्यांची हजामत, लोक वन्समोर देतात, मग पुन्हा गोष्ट. काकांच्या आठवणीत त्याच जागी हार्मोनियम आणि तबला, आणि पहिल्या रांगेत गावचे सरपंच झोपलेले.

मला यात एक गंमत वाटते. पहिलं तियात्र झालं ते १७ एप्रिल १८९२ रोजी, मुंबईत, न्यू आल्फ्रेड थिएटरात. 'इटालियन भुरगो', लुकाझिन रिबेरांचं. पोटासाठी मुंबईला गेलेल्या गोंयकारांनी भाड्याच्या थेटरात उभी केलेली कला. आणि मंगेशीचे मास्टर दीनानाथ, ज्यांनी १९१८ मध्ये बळवंत संगीत मंडळी काढली, तेही नावारूपाला आले ते गोव्याबाहेर. म्हणजे दोन्हीकडची माणसं आपली, गळे आपले, थेटरं मात्र दुसऱ्यांची. नंतर कधीतरी आपल्या शहरात ही ओबडधोबड पिवळी इमारत उभी राहिली आणि दोघं पाळीपाळीने तिच्यात घरी आली. एकमेकांना न भेटता. संस्कृतीसंगम वगैरे शब्द इथे कोणी वापरू नयेत. संगम झाला नाही. खुर्च्या सामायिक होत्या, ढेकूण सामायिक होते, आणि बहुधा तेवढ्यावरच आपलं बरं चाललं होतं.

या सगळ्या विचारांत मला पणजीत कांपालच्या कला अकादमीतली भिंत सारखी आठवत राहिली. वास्तुकार चार्ल्स कोरियांनी मांडवीच्या काठावर बांधलेली ती वास्तू १९८३ची. तिच्यातल्या दीनानाथ मंगेशकर कलामंदिरात मी पहिल्यांदा गेले ते शाळेच्या पोरींबरोबर, नाट्यस्पर्धेतलं नाटक बघायला. नाटक कुठलं, काही आठवत नाही. आठवतात त्या बाजूच्या भिंती. तिथे जुन्या थेटरातल्यासारख्या बाल्कन्या होत्या, आणि त्यांत माणसं बसलेली. जाड्या बायका, मिशीवाले भाटकार म्हणजे जमीनदार, कुणी एकमेकांच्या कानाला लागलेले. बसून घेतल्यावर नीट बघितलं तर सगळं रंगवलेलं. व्यंगचित्रकार मारियो मिरांडांची माणसं. कोरियांनी भिंतीवर जुन्या गोव्यातल्या थेटरचा आभास मागितला आणि मारियोंनी तो नुसत्या कठड्या-खांबांचा न ठेवता प्रेक्षकांनी भरून दिला. दिवे मंद झाले तेव्हा मला वाटलं, ही माणसं नाटक बघत नाहीत, आम्हाला बघतायत. मैत्रीण म्हणाली, तिकडे दुसऱ्या बाल्कनीत आपल्या मुख्याध्यापिका आहेत. खरंच होत्या.

मोठेपणी तिथे कितीतरी नाटकं बघितली. स्पर्धेच्या दिवसांत गावोगावची मंडळी ट्रकातून नेपथ्य घेऊन यायची, कॅन्टीनमध्ये चहाच्या कपाभोवती दिग्दर्शक आपल्या नटांना शिव्या घालत असायचे, बाहेर नदीवर वाळूच्या होड्या. आणि आत ती रंगवलेली माणसं, इंटरव्हललाही न उठणारी. त्या वेळी ती सजावट वाटायची. आता वाटतं, कोरिया आणि मारियो दोघांनाही ठाऊक असणार की थेटर म्हणजे स्टेज नव्हे. स्टेज कुठेही होतं. देवळापुढे होतं, चर्चच्या मैदानात मांडव घालून होतं, चार खाटा जोडल्या तरी होतं. जे कुठेही होत नाही ते म्हणजे अनोळखी माणसांनी तिकीट काढून अंधारात शेजारी बसणं. नव्या थेटरात जुन्या थेटरचं काहीतरी ठेवायचं, तर त्यांनी प्रेक्षक ठेवले. त्याच अकादमीच्या खुल्या रंगमंचावरचं छप्पर जुलै २०२३ मध्ये, नूतनीकरण चालू असताना, ऐन पावसाळ्यात रात्रीचं कोसळलं. त्यावर बरंच रण माजलं, आणि माजायलाच हवं होतं. मी त्या दिवशी बातमी वाचली आणि पहिला विचार आला तो छपराचा नाही, भिंतीवरच्या मंडळींचा.

२००४ मध्ये इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव पणजीत आला, जुन्या मेडिकल कॉलेजच्या आवारात आयनॉक्स मल्टिप्लेक्स उभं राहिलं, आणि एका फटक्यात आम्हाला कळलं की पिक्चरमध्ये संवाद नीट ऐकू येऊ शकतात. मला आयनॉक्स आवडतं. गार असतं, संडासाला कड्या आहेत. तिथे अनोळखी माणसं शेजारी बसत नाहीत असं म्हणणं खोटं होईल, बसतात की. पण पाऊस ऐकू येत नाही, आणि तिकीट फोनवर काढलेलं असतं. हाताने हातात काही येत नाही. आमच्या थेटरच्या त्या कोठडीत खिडकीचं भोक अजून शाबूत आहे, अर्धगोल, एका वेळी एकच हात आत जाईल एवढं. खालचा दगड मनगटं घासून घासून गुळगुळीत झालाय, मधोमध किंचित खोलगट. मी एकदा हात घालून बघितला. आतून पार्किंगवाला पोरगा ओरडला, "कितें जाय?" त्याला वाटलं मी त्याच्या डब्यात हात घालतेय.

पण गोष्ट सांगायची राहिली ती मापाची. पार्किंगचा किस्सा ऐकून काका आणि आंटीची जी जुंपली ती अजून मिटलेली नाही. काकांचं म्हणणं, स्टेज प्रचंड होतं, आख्खं सैन्य उभं राहायचं. आंटीचं म्हणणं, स्टेज चिमुकलं होतं, कांतार म्हणायला तिघे आले की मागच्या सीनमधलं टेबल ढकलावं लागायचं. मी मधे पडले. स्टेजवर गाड्या नव्हत्या तेव्हा या कडेपासून त्या कडेपर्यंत चालून आले आणि घरी येऊन सांगितलं, माझी चौदा पावलं.

काका खवळले. "तुजें मेजप चुकलां. हांव दाव्या विंगेंतल्यान भायर सरून उजव्या वटेन पावसर म्हजें आख्खें पद सोंपतालें." आंटी कुंपणापलीकडून म्हणाली की मग पद दोन ओळींचं असणार. काकांनी तिला पद म्हणून दाखवलं. चार कडवी, तानांसकट, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, हातात मिरच्यांची परडी. तिने ऐकून घेतलं, मग शांतपणे म्हणाली की असं हळू चाललं तर पणजीही लांबच पडेल.

आता दोघंही यायचं म्हणतायत. काकांना डाव्या विंगेची जागा दाखवायची आहे, आंटीला बँडची. रविवारी बाजार बंद, तेव्हा गाड्या कमी असतील. पार्किंगवाल्या पोराला सांगून ठेवलंय की सकाळी तासभर स्टेजवर काही लावू नकोस. तो म्हणाला, लावणार नाही, पण पाऊस आला तर स्टॉलवाले कुठे जाणार? माझ्या पावलांवर कोणाचाच विश्वास उरलेला नाही, तेव्हा सुताराकडची शंभर फुटी टेप आणायची ठरली आहे. एक टोक आंटी धरणार आहे. काकांनी आत्तापासूनच बजावलंय, ती ओढून धरायची, सैल सोडायची नाही.